हिंदू कॉलनी, पाच बागा, किंग्ज सर्कल: दादर पूर्वेची मोजून आखलेली हवा

पिंपळपार (धागाकर्ता)

दादर म्हटलं की बहुतेक जण पश्चिमेला उतरतात. शिवाजी पार्क, रानडे रोड, शिवाजी मंदिरातलं नाटक, मिसळीची रांग. त्यावर इथे उदंड धागे येऊन गेलेत, आणखी एक नको. पूर्वेला उतरणारा माणूस बहुधा पुण्याची शिवनेरी पकडायला आलेला असतो. हातात बॅग, डोळे बसच्या पाटीवर, कानाशी टॅक्सीवाल्यांचं 'पुना, पुना'. दादर टीटीच्या (जुन्या ट्राम टर्मिनसच्या) त्या गदारोळातून जरा आत वळलं की हिंदू कॉलनी सुरू होते, हे त्याच्या गावीही नसतं.

हा धागा त्या पूर्वेबद्दल. हिंदू कॉलनी, आंबेडकर रोड ओलांडून पारशी कॉलनी, पाच बागा, मग माटुंगा आणि किंग्ज सर्कल. भर मे महिन्यात दुपारी इथल्या आतल्या रस्त्यांवरून छत्री न उघडता जाता येतं. इमारती बुटक्या, दोन इमारतींमध्ये बऱ्यापैकी अंतर, आवारात झाड, आणि फुटपाथ असा की त्यावरून खरोखर चालता येतं. मुंबईत हे सगळं एका जागी फार कमी ठिकाणी सापडतं. लोक म्हणतात जुनं वातावरण टिकलंय, माणसं सुसंस्कृत आहेत. असतील बुवा. पण माणसं सुसंस्कृत असली म्हणून सावली पडत नाही. ही वस्ती कुणीतरी पट्टी आणि कोनमापक घेऊन आखली, आणि ती आखायला लावली प्लेगने.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचा रुग्ण सापडला. मांडवी म्हणजे गोदीला चिकटलेली धान्याच्या वखारींची वस्ती, त्यामुळे उंदरांना काही कमी नव्हतं. साथ पसरली तशी माणसं बोचकी बांधून गावाकडे पळाली, गिरण्या ओस पडल्या. उंदराच्या पिसवांमुळे प्लेग होतो हे तेव्हा पक्कं ठरलेलं नव्हतं. सरकारी डॉक्टरांचा संशय होता तो अंधाऱ्या, ओल्या, कोंदट खोल्यांवर. तेव्हा उपाय ठरला तो उजेड आणि वारा. १८९८ च्या कायद्याने बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची संस्था स्थापन झाली. गच्च वस्त्या फोडून त्यातून रुंद रस्ते काढायचे (प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे त्यातलेच) आणि शहराच्या उत्तरेला मोकळ्या जमिनीवर नवी वस्ती वसवायची, ही तिची मुख्य कामं.

ही नवी वस्ती म्हणजे १८९९-१९०० ची दादर-माटुंगा-वडाळा-सायन योजना. तेव्हा इकडे भातखाचरं, नारळाच्या वाड्या आणि मधूनमधून जुनी गावं होती. कागदावर रेघा पटकन ओढल्या गेल्या, पण जमीन ताब्यात घ्यायला वर्षानुवर्षं गेली. जमीनमालक काही भोळे नव्हते. आज आपल्याला दिसतात त्या इमारती बव्हंशी १९२० आणि ३० च्या दशकांतल्या आहेत. हा उशीर पथ्यावरच पडला, कारण तोवर सिमेंट-काँक्रीट आलं होतं आणि चाळीऐवजी स्वतःचं संडास-न्हाणीघर असलेला ब्लॉक ही कल्पना मध्यमवर्गाच्या मनात रुजली होती.

आता कोनमापकाबद्दल. जे. पी. ऑर हे ट्रस्टचे एक अध्यक्ष. खोलीत उजेड किती येतो यावर या गृहस्थांनी अक्षरशः ध्यास घेतला होता. त्यांचा नियम साडेत्रेसष्ट अंशांचा. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत मनाने रेघ ओढायची. ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून जास्त चढी असेल तर खोलीत पुरेसं आभाळ उतरत नाही. ज्यांनी शाळेत त्रिकोणमिती रडतखडत पास केली त्यांच्यासाठी: या कोनाचा टॅन जवळजवळ बरोबर २ येतो. म्हणजे समोर दहा फूट मोकळी जागा असेल तर तिथल्या इमारतीची उंची वीस फुटांपर्यंतच. गिरगाव-भुलेश्वरच्या चाळी या हिशेबात साफ नापास.

ट्रस्टने भूखंड विकून टाकले नाहीत, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. म्हणून अटी घालता आल्या आणि पाळूनही घेता आल्या. इतके मजले, बाजूला इतकी जागा सोडायची. इथल्या बहुतेक जुन्या इमारती तळमजला आणि वर दोन-तीन मजले एवढ्यावर थांबल्यात, त्यामागे घरमालकाची अभिरुची वगैरे काही नाही, करारनाम्यातलं कलम आहे.

पारशी कॉलनीचं श्रेय मंचेरजी एदलजी जोशी यांना. ते ट्रस्टमध्ये इंजिनिअर होते. मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ भूखंड राखून ठेवायला त्यांनी ट्रस्टला राजी केलं, ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. घरं बांधायच्या आधी कुठल्या रस्त्याला कुठलं झाड हेसुद्धा ठरवलं. जाम-ए-जमशेद रोडला अशोक, फिरदौसी रोडला महोगनी. शहरातल्या बाकीच्या पारशी बागांना कुंपणभिंत आणि फाटक असतं, या कॉलनीला नाही. पाच बागांमध्ये कुणीही जाऊन बसतं: रुईया कॉलेजची पोरं, व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं, पाठीला पट्टा बांधलेले आजोबा आणि (हो, सांगायलाच हवं) जोडपी.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. डॉ. आंबेडकर १९१२ पासून दोन दशकांहून जास्त काळ परळच्या बीआयटी चाळीत राहिले. बीआयटी म्हणजे हाच इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. पुढे १९३० च्या दशकात ते हिंदू कॉलनीत आले, 'राजगृह' बांधून. पुस्तकं ठेवायला जागा हवी म्हणून घर बांधणारा माणूस विरळाच. पन्नास हजारांच्या वर ग्रंथ तिथे होते असं सांगतात. चाळ त्याच ट्रस्टची, कॉलनी त्याच ट्रस्टची. मधलं अंतर दोन-तीन किलोमीटर.

इथे राहिलेल्यांनी, शिकलेल्यांनी, नुसतं भटकलेल्यांनी लिहा. आणि मला सांगा, या भागाची ओढ तुम्हाला नेमकी कशामुळे वाटते?

सेकंडक्लास

पश्चिमेला उतरणाऱ्यांच्या वतीने निषेध नोंदवून बसून घेतो. धागा वाचतोय, चालू द्या.

गल्ली_नंबर_चार

आयडीवरून कळलंच असेल. जन्म, शाळा, कॉलेज सगळं अर्ध्या मैलात. शाळा किंग जॉर्ज (आता राजा शिवाजी विद्यालय, पण आमच्या पिढीच्या तोंडून ते येत नाही), मग रुईया. रुईया १९३७ चं, शेजारचं पोदार १९४१ चं, दोन्ही पुण्याच्या शिक्षण प्रसारक मंडळीची. हिंदू कॉलनीतल्या कित्येक घरांत दहावी झाल्यावर 'कुठे प्रवेश घेणार' हा प्रश्नच पडायचा नाही. आर्ट्स-सायन्सला रुईया, कॉमर्सला पोदार, इंजिनिअरिंगचे मार्क असले तर व्हीजेटीआय. लोकलचा पास काढल्याशिवाय ग्रॅज्युएट झालेली मुंबईतली बहुधा एकमेव जमात.

धागाकर्त्याने क्रिकेट कसं काय सोडलं? शिवाजी पार्कवाले इतका आवाज करतात की जणू मुंबईचं क्रिकेट त्यांनीच जन्माला घातलं. अहो, दादर युनियन आमची! माटुंग्याचं दडकर मैदान. माधव मंत्री हिंदू कॉलनीतले, सुनील गावसकरांचे मामा. शिस्तीचा माणूस म्हणजे किती, तर सामन्याला उशिरा येणाऱ्याला तोंड दाखवायची सोय नसे. गावसकर दादर युनियनकडून खेळले. दिलीप वेंगसरकर तर आमच्या शाळेचे. दादर युनियन विरुद्ध शिवाजी पार्क जिमखाना हा सामना असला की कसोटीला होत नाही तेवढी गर्दी क्लबच्या सामन्याला जमायची, असं बाबा सांगायचे. बाबांच्या सांगण्यात मीठमसाला असायचा ते सोडा, पण सामना होता तो खुन्नसचाच.

ओढ कशामुळे म्हणाल, तर जिने. हसू नका. जुन्या इमारतींचे जिने रुंद, पायऱ्या बुटक्या, प्रत्येक वळणावर खिडकी. शाळेतून येऊन दप्तर तिथेच टाकून त्या खिडकीत बसायचं आणि खाली कोण आलं-गेलं ते बघायचं. नवीन टॉवरमध्ये जिना म्हणजे आगीच्या वेळी वापरायचा दरवाजा.

रसमवडा

माटुंग्याबद्दल मी लिहिते. आई पालघाटची, बाबा मालवणचे, मी किंग्ज सर्कलची. घरात नारळावरून कधीच वाद झाला नाही.

आईच्या बाजूचे आजोबा रेल्वेत कारकून. त्या काळी मद्रास-केरळकडचे इंग्रजी शिकलेले, टायपिंग-शॉर्टहँड येणारे तरुण मुंबईच्या ऑफिसांत भरती व्हायचे. नेमक्या त्याच सुमाराला माटुंग्याच्या नव्या इमारती तयार होत होत्या आणि ब्लॉक भाड्याने मिळत होते. एकाने घर घेतलं की गावाकडचा चुलतभाऊ त्याच्याकडे उतरायचा, नोकरी लागली की शेजारच्या इमारतीत बिऱ्हाड करायचा. मग देऊळ लागतं, शाळा लागते, कॉफी लागते. साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी १९३२ ची. आस्तिक समाजाचं देऊळ. आणि संगीतासाठी षण्मुखानंद. १९६३ मध्ये हॉल उभा राहिला, १९९० च्या आगीत जळाला, पुन्हा बांधला. पावणेतीन हजारांच्या आसपास खुर्च्या आहेत. एम. एस. सुब्बुलक्ष्मी ऐकायला आई नऊवारी-नेसल्या सासूला, म्हणजे माझ्या मालवणच्या आजीला, घेऊन गेली होती. आजीला शब्द कळला नाही एक, पण 'बाई गाते म्हणजे देवाशी बोलते' एवढं म्हणून गप्प झाली.

खाण्याचं आता. कॅफे मद्रास १९४० पासून आहे, रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून, माटुंगा स्टेशनाला लागून. बोर्डिंग या नावावर जाऊ नका, जेवायची जागा आहे ती. एकट्या नोकरदारांना घरच्यासारखं जेवण मिळावं म्हणून अशा जागा निघाल्या होत्या. केळीच्या पानावर वाढतात आणि रस्सम मागाल तितकं. रविवारी सकाळी कॅफे मद्रासच्या बाहेर आज अंधेरी-ठाण्याहून लोक गाड्या घेऊन येतात, फोटो काढतात. आमच्या लहानपणी ते नुसतं 'खाली जाऊन इडली आण' असं होतं.

गणपतीत किंग्ज सर्कलचा जीएसबीचा, म्हणजे गौड सारस्वत ब्राह्मणांचा, गणपती. १९५५ पासूनचा, पाच दिवसांचा. सोन्याची चर्चा सगळे करतात, पण त्यांचं पंगतीचं जेवण चुकवू नये.

जुना_पास

ट्राम कुणाला आठवते का? शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला रात्री बोरीबंदरहून दादरला आली. मी अर्ध्या चड्डीत होतो. रस्त्यावर ही गर्दी, लोक दिव्याच्या खांबाखाली उभे राहून हात हलवत होते. त्याआधी ट्राम किंग्ज सर्कलपर्यंत जायची. वस्ती वसली त्यात या ट्रामचा मोठा हात होता, कारण स्टेशन गाठायचं नसेल तरी फोर्टात जायला थेट सोय होती. नुसते हवेशीर ब्लॉक बांधून चाकरमानी येत नाही, सकाळी कामावर कसं पोचायचं ते आधी बघतो.

पृथ्वीराज कपूर माटुंग्यात राहायचे, कॉलेजच्या मागच्या रस्त्याला. आमच्या मोठ्या भावाला तिथून चक्कर मारायची फार हौस.

सवालजवाब

लेख चांगला. पण हवेचं एवढं कौतुक वाचून एक विचारावंसं वाटतं: हवा कुणासाठी?

ट्रस्टने नागपाडा, मांडवी, सँडहर्स्ट रोडकडच्या वस्त्या पाडल्या. तिथले विस्थापित हमाल, गिरणी कामगार, भंगी, चांभार काय हिंदू कॉलनीत राहायला आले? नव्या ब्लॉकचं भाडं त्यांच्या आवाक्यात नव्हतं. त्यांच्या वाट्याला फार तर ट्रस्टच्याच एकखोलीच्या चाळी आल्या, आणि बरेचजण शेजारच्या अजून न पाडलेल्या कोंदट चाळीत घुसले. म्हणजे गर्दी हलली, कमी झाली नाही. आणि भूखंड तरी कसे वाटले गेले? पारशांना पारशांचे, अमक्यांना अमक्यांचे.

पाच बागांमधून दहा-पंधरा मिनिटं दक्षिणेला चाला. नायगावच्या बीडीडी चाळी लागतात. साधारण त्याच काळातल्या, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीच्या, सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या. एकशेसाठ चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामायिक संडास. तिथे साडेत्रेसष्ट अंश कुणी मोजले नाहीत.

गल्ली_नंबर_चार यांनी पुढच्या जिन्याचं प्रेमाने लिहिलंय. मागच्या जिन्याचंही लिहा. जुन्या ब्लॉकच्या मागे गोल लोखंडी जिना असतो, थेट संडासाच्या दारापर्यंत जाणारा. सफाई कामगाराने घरात पाऊल न टाकता मागच्या मागे यावं-जावं म्हणून. ब्लॉक आधुनिक, पण जात नकाशातच बसवलेली. अशा गल्लीत आंबेडकरांनी घर बांधलं, यात काय आहे ते नीट समजून घ्या.

गल्ली_नंबर_चार

मागचा जिना आमच्याकडेही होता. लहानपणी आम्हाला त्यावर खेळू द्यायचे नाहीत. कारण सांगायचे की गंजलाय, पडाल.

पिंपळपार

@सवालजवाब, तुमच्या प्रतिसादाने धाग्याला वजन आलं. ट्रस्टने जितकी घरं पाडली तितकी गरिबांसाठी बांधली नाहीत, ही टीका तर त्या काळीही होत होती. १९३३ मध्ये ट्रस्ट पालिकेत विलीन झाला तेव्हा त्याच्याबद्दल हळहळणारे फारसे नव्हते.

तरी मी नियमाची बाजू सोडणार नाही. दोन इमारतींमधली जागा, उंचीवर मर्यादा, खोलीत आभाळ: या गोष्टी भाडं परवडणाऱ्यांनाच मिळाल्या, हा दोष वाटपाचा. त्यावर इलाज म्हणून पुढच्या शंभर वर्षांत आपण काय केलं? ती जागा नायगावच्या चाळीपर्यंत नेली नाही. उलट कॉलनीतूनही ती काढून घ्यायला लागलोय. आता सगळे सारखेच अंधारात.

अडाणी_इंजिनिअर

शेवटच्या वाक्याला जोरदार +१. धंद्याने या पुनर्विकासातच आहे, म्हणून जरा कसं चालतं ते लिहितो.

शहर भागात निवासी एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) साधारण १.३३ धरतात. पण ३० सप्टेंबर १९६९ च्या आधीची, उपकर भरणारी इमारत असेल तर विकास नियमावलीच्या ३३(७) कलमाखाली ३ किंवा त्याहून जास्त मिळतो. जुन्या भाडेकरूंना फुकट घरं द्यायची, उरलेले फ्लॅट विकून बिल्डरने खर्च काढायचा. कागदावर छान. पण भूखंड तेवढाच. आधी तळ अधिक दोन होते, आता वीस-बावीस मजले त्याच जमिनीवर बसवायचे, गाड्याही बसवायच्या. मग बाजूच्या मोकळ्या जागेत सूट मागायची. प्रीमियम भरला की सूट मिळते. ऑरसाहेबांचा दुपटीचा हिशेब लावला तर या उंचीला शेजारी शंभर फूट मोकळं हवं. प्रत्यक्षात अग्निशमनाची गाडी फिरेल एवढं ठेवतात, त्यासाठीही खेचाखेची.

झाडांचं तर विचारू नका. आवारातलं झाड 'वाचवतात', पण खाली दोन मजली पार्किंगचा खड्डा खणल्यावर मुळांचं काय होतं ते तीन-चार पावसाळ्यांनी दिसतं. एका कामावर (नाव घेत नाही) आम्ही आंबा वाचवल्याचा मोठा फलक लावला होता. फलक आंब्यापेक्षा जास्त टिकला.

गंमत म्हणजे जाहिरातीत हेच लोक काय विकतात? 'पाच बागांचं दृश्य', 'वृक्षराजीतलं दादर'. शेजाऱ्याच्या बुटक्या इमारतीमुळे जो उजेड येतो त्याचे पैसे हे घेतात. शेजाऱ्याचीही उंच झाली की संपलं.

मोगरा

सगळ्यांचं वाचलं. आता दुसरी बाजू, कारण कुणीतरी लिहायला हवी.

माझी आजी माटुंग्याला तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. गुडघे गेलेत. जिना कितीही रुंद असो आणि खिडकीतून कितीही वारा येवो, ती खाली उतरते ती फक्त डॉक्टरकडे जायला, तेही खुर्चीत बसवून. स्वयंपाकघराच्या छताचं प्लास्टर दोनदा पडलं. पावसाळ्यात बादल्या. मालक म्हणतो मला भाडं मिळतं त्यात तुमच्या मजल्यावरचा बल्बही बदलता येत नाही, आणि त्याचंही खोटं नाही. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली, नंतरही नावापुरतीच वाढली. मालकाला दुरुस्तीत रस नाही, भाडेकरूला हक्काचं घर नाही, दोघेही बिल्डरची वाट बघतायत.

बाहेरून रविवारी येऊन इमारतीच्या गोलसर बाल्कनीचे फोटो काढणाऱ्यांना आमचं घर म्हणजे वारसा. आम्हाला ते घर आहे. टॉवर झाला तर आजीला लिफ्ट मिळेल. सावलीचं काय ते नंतर बघू.

सेकंडक्लास

@मोगरा, पटलं. आमच्याकडे शिवाजी पार्कात हेच झालं. २०१२ मध्ये पालिकेने वारसा यादीचा मसुदा काढला, त्यात शिवाजी पार्क परिसर होता, तुमची पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, पाच बागाही होत्या. बाहेरचे लोक टाळ्या वाजवत होते आणि राहणारे लोक सभा घेऊन विरोध करत होते. कारण हेच: यादीत नाव आलं की परवानग्यांचं लचांड मागे लागणार, दुरुस्तीला पैसे मात्र कुणी देणार नाही.

रसमवडा

पारशी कॉलनीत मात्र माझ्या माहितीतल्या काहींनी यादीत राहण्याच्या बाजूने जोर लावला होता. तिथे लोक कमी, पारशी ट्रस्टची घरं बरीच, रस्त्यावरच्या झाडाची फांदी तोडायला माणूस आला तरी चार म्हाताऱ्या बायका खाली येऊन 'सूं करे छे?' विचारतात. एकाच योजनेतल्या दोन कॉलन्या, मधे एक रस्ता, तरी निकाल वेगळा. घर कुणाच्या नावावर आहे यावर सगळं ठरतं.

जुना_पास

हिंदमाता. एवढं बोलून गप्प बसतो.

अडाणी_इंजिनिअर

काका, गप्प नका बसू :) हिंदमाता चौकाचा खोलगट भाग आहे, भरतीच्या वेळी पाऊस कोसळला की पाण्याला जायला वाट नाही. हिंदमाता आणि किंग्ज सर्कलचं गांधी मार्केट, दोन्हीकडे तीच रड. आता प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळला झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या केल्यात, हिंदमाताला फरक पडलाय. पण मुद्दा धाग्याचाच आहे. आवारात माती होती तेव्हा थोडं पाणी तिथेच मुरायचं. आता आवारात पेव्हर ब्लॉक आणि खाली पार्किंग.

पिंपळपार

@मोगरा, आजींना लिफ्ट मिळायलाच हवी. त्यावर 'पण वारसा' असं म्हणण्याची माझी हिंमत नाही. मात्र लिफ्ट आणि बावीस मजले यांची गाठ कुणी मारली? जुन्या इमारतीला बाहेरून लिफ्ट बसवलेली उदाहरणं याच भागात आहेत. ते करायला भाडेपट्टा, मालक, भाडेकरू आणि पालिका या चौघांना एका कागदावर सही करावी लागते. ती होत नाही म्हणून सगळे वाट बघतात आणि शेवटी इमारत धोकादायक ठरते. सहा-सात मजले, नीट सोडलेली जागा, लिफ्ट, प्रत्येकाला हक्काचं घर: हे गणित आज बसत नाही, कारण पुनर्विकासाचा सगळा पैसा वरचे मजले विकून येतो. सरकारने किंवा रहिवाशांनी त्यातला थोडा भार उचलला तर मजले कमी करता येतील. उचलेल का कुणी, हा भाग वेगळा.

मोगरा

बाहेरून लिफ्टचं आमच्याकडे विचारलं होतं. तळमजल्यावाल्याची खिडकी झाकली जाते म्हणून त्याने नकार दिला. त्यालाही आभाळ हवंय :)

कल्याण_स्लो

एवढं वाचून जावंसं वाटतंय. रविवारी सकाळी बायको-पोरीला घेऊन यायचं असेल तर कुठून सुरुवात करू? पोरगी सातवीत आहे, चालायचा कंटाळा, खायचा नाही.

पिंपळपार

दादरला पूर्वेला उतरा. टीटीचा गोंगाट एकदा अनुभवा, खोदादाद सर्कलभोवतीच्या इमारती मान वर करून बघा, मग आत हिंदू कॉलनीत वळा. गल्ल्यांना नंबर आहेत, चुकणार नाही. राजगृह बाहेरून दाखवा आणि पोरीला बीआयटी चाळीचंही सांगा, नाहीतर अर्धीच गोष्ट कळेल. मग आंबेडकर रोड ओलांडा (सिग्नलवरच, प्लीज), जाम-ए-जमशेद रोडने पारशी कॉलनीतून पाच बागांकडे. तिथे बसा थोडं. पोरीला एखाद्या जुन्या इमारतीसमोर उभं करून विचारा, ही इमारत हिच्या समोरच्या मोकळ्या जागेच्या दुप्पट उंच आहे का. मग नवीन टॉवरसमोर तोच प्रश्न.

तिथून रमतगमत किंग्ज सर्कल. खाऊन झालं की माटुंगा मार्केटमधून, फुलवाल्यांच्या समोरून, मध्य रेल्वेचं माटुंगा स्टेशन. २०१७ पासून तिथे स्टेशन मास्तरपासून तिकीट खिडकीपर्यंत सगळा कारभार बायकांकडे आहे, पोरीला आवडेल. आणि तुमची कल्याण स्लो तिथे थांबते.

रसमवडा

कॅफे मद्रासला साडेआठनंतर गेलात तर रांगेत नाव लिहून तासभर उभे राहाल. साडेसातला पोचा. पोरीला रागी डोसा सांगू नका, पोडी इडली सांगा. आणि निघताना कॉफीची पावडर घ्यायची असेल तर चिकोरी किती टक्के ते आधी ठरवून जा. तिथला माणूस विचारतो, आणि 'तुम्हीच सांगा' म्हटलं की चिडतो.